वाचनालयाचे संगणक लिनक्सवर नेताना: प्रकल्प नोंदी

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

वाचनालयातल्या संगणकांची आज यादी केली. कार्यालयात एक, देवघेव टेबलावर एक, अभ्यासिकेत तीन. पाचही चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. या विंडोजचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार आहेत. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. आमच्या यंत्रांत दोन्ही नाही. वाढीव सुरक्षा सेवा आणखी वर्षभर मिळू शकते, पण पुढच्या ऑक्टोबरात प्रश्न पुन्हा दारात उभा राहणारच.

कार्यकारी मंडळापुढे दोन पर्याय ठेवले: पाच नवे संगणक घ्यायचे, किंवा याच यंत्रांवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त, मोफत प्रणाली) घालून रॅम वाढवायची आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवायची. सरकारी अनुदान आणि वर्गणी यांवर चालणाऱ्या वाचनालयात नव्या संगणकाचा पैसा पुस्तकांच्या खरेदीतून जातो, त्यामुळे फार चर्चा झाली नाही. दुसरा पर्याय मंजूर. काम माझ्याकडे आले, आणि ते मी आनंदाने घेतले.

ग्रंथपाल मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "आपली जुनी मराठी उघडेल ना?" वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवला आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

लिनक्सच्या प्रकारांतून लिनक्स मिंट २२.२ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली. ती जुन्या यंत्राला झेपते, मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, म्हणजे विंडोजची सवय असलेल्याला बिचकायला होत नाही, आणि २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. फाइल उतरवल्यावर तिची चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवून पाहिली. ही पायरी कुणी गाळू नये. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे पुढे जे घोळ होतात, त्यांचे मूळ सहज सापडत नाही.

पेन ड्राइव्हवरून पाचही संगणक सुरू करून पाहिले. अशा वेळी डिस्कवर काही लिहिले जात नाही, त्यामुळे चाचणीला ही रीत निर्धोक. वायफाय, आवाज, स्कॅनर चालले. कार्यालयातला लेझर प्रिंटर ओळखला गेला, पण पाने कोरी निघाली. वेगळा ड्रायव्हर घातल्यावर छपाई नीट होऊ लागली.

मग कार्यालयातली पुस्तकांची यादी लिब्रे-ऑफिस या मोफत ऑफिस संचात उघडली. रकाने जागच्या जागी, ओळी जागच्या जागी, आणि पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे. टंकलेखनाचे काम बघणारे आमचे काका शेजारी उभे होते. "हे सगळं मीच टाइप केलंय," एवढेच म्हणाले.

फाइल बिघडलेली नाही. मजकूर जुन्या, यूनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट असेल तोवर पडद्यावर मराठी दिसते, फॉन्ट गेला की उरते ती खालची रोमन जुळणी. म्हणजे विंडोजवरसुद्धा या फाइलींत मराठी कधी साठवलेली नव्हतीच, नुसती दिसत होती. खरे काम इथे आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

फाइलींची मोजदाद. पुस्तकांच्या नोंदी एक्सेलमध्ये. कार्यकारी मंडळाची इतिवृत्ते आणि वार्षिक अहवाल वर्डमध्ये. व्याख्यानमालेच्या पत्रिका आणि प्रमाणपत्रे पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. गेल्या चार-पाच वर्षांतला काही पत्रव्यवहार यूनिकोडमध्ये आहे, कारण सरकारी कार्यालये तोच मागतात. काही फाइलींत वरचा परिच्छेद जुन्या फॉन्टमध्ये आणि खालचा यूनिकोडमध्ये.

जुना फॉन्ट लिनक्सवर टाकून फाइली तशाच वापराव्यात, असे एकाने सुचवले. पण फॉन्टचा परवाना एका यंत्रापुरता आहे, कीबोर्डचे सॉफ्टवेअर विंडोजपुरतेच, आणि त्याला संगणकाच्या पोर्टमध्ये लावायचे कुलूप (परवाना तपासणारे छोटे उपकरण) लागते. शिवाय फॉन्ट नेला तरी शोध लागत नाही तो नाहीच. ज्या यादीत ‘तुकाराम’ शोधता येत नाही, ती यादी वाचनालयाला काय कामाची?

ठरले ते असे. कार्यालयातला संगणक सगळ्यात शेवटी बदलायचा. विंडोज असेपर्यंत त्याचे इंटरनेट बंद. जुन्या प्रत्येक फाइलीची त्याच यंत्रावर पीडीएफ काढून ठेवायची, म्हणजे रूपांतर झाल्यावर ओळीशी ओळ ताडून बघता येईल. मूळ फाइलींच्या दोन प्रती, त्यातली एक वाचनालयाबाहेर.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आज गांधी जयंतीची सुट्टीही होती, त्यामुळे अभ्यासिका रिकामी मिळाली. तिन्ही संगणकांत एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली, मिंट घातले. जुन्या हार्ड डिस्क पुसल्या नाहीत, चिठ्ठी लावून कपाटात ठेवल्या.

इन्स्टॉलेशन सोपे आहे. भाषा, कालक्षेत्र, नाव, पासवर्ड, की झाले. मराठीसाठी लोहित देवनागरी आणि नोटो या फॉन्टांची पॅकेजे घातली, लिब्रे-ऑफिस आणि फायरफॉक्सचे मराठी भाषासंच घातले. टाइमशिफ्टमध्ये यंत्रणेचा पहिला स्नॅपशॉट घेतला. पुढे एखादे अपडेट बिघडले तर त्या बिंदूवर परत येता येते.

लिब्रे-ऑफिसमधली एक जागा मराठीत काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी बघावी. पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर जटिल लिपींसाठी मूळ भाषा ठरवायची सोय आहे, तिथे मराठी निवडायची. देवनागरीसाठीचा फॉन्ट आणि त्याचा आकार रोमनच्या फॉन्टपेक्षा वेगळे ठरवले जातात. ते न ठरवल्यास परिच्छेदाचा आकार वाढवला तरी मराठी अक्षरे तेवढीच राहतात, आणि माणूस वैतागतो.

अक्षरवळणही तपासले. २००९च्या शासन निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. काही फॉन्टांत हे दोन्ही आकार असतात, पण मजकुराची भाषा मराठी नोंदवलेली असेल तरच मराठी वळण पडद्यावर येते. तिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ते मुळातच आहे. पत्रिका आणि अहवालांसाठी तो ठरवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

आजचा पूर्ण दिवस कीबोर्डवर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

काका टाइपरायटरवर शिकले आहेत. मराठी चाळीसची (मिनिटाला चाळीस शब्दांची) परीक्षा दिलेला हात आहे, न बघता चालतो. त्यांनी वापरलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येही कळांची रचना टाइपरायटरचीच होती. आता त्यांना इन्स्क्रिप्टवर यायचे आहे. ही रचना १९८६मध्ये प्रमाण ठरली, भारतीय लिपींना सामायिक आहे, आणि लिनक्समध्ये ती आधीपासून असते. कीबोर्डच्या यादीत ‘मराठी, एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट’ निवडले की झाले. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी उच्चारानुसारी कागप रचनाही जोडली. त्यांचा हात इंग्रजी कळांवर बसलेला असतो, त्यांना ‘के’वर क हवा असतो. गंमत अशी की इन्स्क्रिप्टमध्येही क ‘के’वरच येतो, पण तिथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या.

काकांची अडचण कळा शोधण्याची नव्हती. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे, हे त्यांनी चटकन धरले. अडत होते ते क्रमाशी. ‘वार्षिक’ हा शब्द घ्या. टाइपरायटरवर तो असा उमटतो: व, काना, मग आधी पहिली वेलांटी, मग ष, त्याच्यावर रफार, शेवटी क. कागदावर डावीकडून उजवीकडे जसे दिसते तसे ठोकत जायचे. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र तोंडाने म्हणतो तो क्रम: व, काना, र, हलन्त (पाय मोडायची खूण), ष, वेलांटी, क. कळा सांगायच्या तर बी, ई, जे, डी, शिफ्टसह स्वल्पविराम, एफ, के. रफारासाठी वेगळी कळ नाही. र आणि हलन्त दिले, पुढे ष आला, की र आपोआप डोक्यावर चढतो. वेलांटीही ष नंतर देऊन त्याच्या आधी जाऊन बसते.

काकांनी तो शब्द चार-पाच वेळा सावकाश टाइप केला. मग म्हणाले, "म्हणजे लिहायचं नाही, बोलायचं." मी दिवसभर समजावत होतो त्यापेक्षा हे जास्त नेमके आहे.

ऱ साठी शिफ्टसह जे, ळ साठी शिफ्टसह एन. या दोन कळा मराठीत सतत लागतात म्हणून ठळक छापून कीबोर्डशेजारी चिकटवल्या. काकांचा वेग आज खूप खाली आहे. मॅडमनी त्यांच्याकडचा नवा पत्रव्यवहार महिनाभरासाठी स्वतःकडे घेतला. रोजच्या कामाच्या घाईत कुणाचा हात बदलत नाही, त्याला मोकळा वेळ द्यावा लागतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

रूपांतर. काकांच्या हाताला जे बदलावे लागते आहे, तेच फाइलींनाही बदलावे लागणार. जुन्या फाइलींत आकार साठवले आहेत, दिसण्याच्या क्रमाने. यूनिकोडमध्ये अक्षरे साठवायची आहेत, उच्चाराच्या क्रमाने. म्हणून रोमन चिन्हाच्या जागी देवनागरी चिन्ह एवढी अदलाबदल पुरत नाही.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लहानसा प्रोग्रॅम लिहिला आहे. पहिल्या टप्प्यात आकारांचा तक्ता, त्यात लांब जुळण्या आधी आणि एकेरी चिन्हे नंतर. ‘त’सारखे अक्षर जुन्या फॉन्टमध्ये अर्धा त आणि उभी दांडी असे दोन तुकडे असते. क्रम उलटा लावला तर अर्धे अक्षर आधी बदलते आणि दांडीचा सुटा काना होतो. दुसऱ्या टप्प्यात वेलांटी पुढच्या व्यंजनाच्या पलीकडे न्यायची. जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे, नाहीतर ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते. तिसऱ्यात रफार मागे आणायचा, तोही काना-मात्रा-वेलांटी ओलांडून थेट व्यंजनाच्या आधी. ‘वार्षिक’मध्ये हे दोन्ही एकाच अक्षरावर येतात, म्हणून चाचणीचा पहिला शब्द तोच ठेवला. तो आमच्या निम्म्या फाइलींच्या नावातही आहे.

मिश्र फाइलींचा उपाय लिब्रे-ऑफिसनेच दिला. वर्डच्या सगळ्या फाइली कमांड देऊन एकगठ्ठा ओडीटी या लिब्रे-ऑफिसच्या स्वरूपात बदलल्या. ओडीटी म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल (खुणा लावलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली. त्यात कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे नोंदलेले असते. प्रोग्रॅम फक्त जुन्या फॉन्टचे तुकडे उचलतो, इंग्रजी नावे आणि आधीच यूनिकोडमध्ये असलेले परिच्छेद सोडून देतो.

आकड्यांना हात लावला नाही. आमच्या फॉन्टमध्ये अंक देवनागरी दिसत, पण खाली साधे अंकच होते. दाखल क्रमांक आणि किमती तसेच राहिल्यामुळे बेरीज आणि क्रमवारी चालू राहिली. ते रकाने मजकूर समजून बदलले असते तर किमतींची बेरीजच झाली नसती.

पहिली दोनशे पाने मॅडमनी पीडीएफशी ताडली. त्यांना सापडलेले दोन दोष लिहून ठेवण्यासारखे आहेत. ‘दुसऱ्या’ची ‘दुसर्या’ होत होती. जुन्या फॉन्टमध्ये आडव्या र चे वेगळे चिन्ह आहे. त्याला र न देता नुक्त्याचा ऱ आणि हलन्त द्यावा लागतो. मराठीत हा भेद सोडून चालत नाही, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन निराळे शब्द आहेत. दुसरा दोष ‘ॲ’चा. स्वतंत्र ‘ॲ’ यूनिकोडमध्ये २००८मध्ये, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक अ वर चंद्र देत. दोन्ही दिसायला सारखेच, पण शोधताना वेगळे. प्रोग्रॅम आता सगळीकडे एकसंध ‘ॲ’ ठेवतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १०ची मुदत आज संपली. देवघेव टेबलावरचा संगणक सकाळी लिनक्सवर गेला. कार्यालयातला तेवढा बाकी आहे, इंटरनेटविना.

१५ ऑक्टोबर, बुधवार, वाचन प्रेरणा दिन

अभ्यासिका भरलेली. स्पर्धा परीक्षांची मुले येतात ती मुख्यतः अर्ज भरायला, प्रवेशपत्र छापायला, आणि फोटो व सही ठरलेल्या केबीत बसवायला. ब्राउझर तोच असल्याने अर्ज भरताना कुणी थांबले नाही. फोटोसाठी जिंप या चित्र-संपादकात निर्यात करताना गुणवत्तेची पट्टी सरकवली की फाइलीचा आकार लगेच दिसतो. ते एकदा दाखवले, पुढे मुलांनीच एकमेकांना शिकवले.

एका मुलीने विचारले, "सर, हे माझ्या घरच्या लॅपटॉपवर टाकता येईल का? तो फार हळू चालतो." तिला पेन ड्राइव्ह दिला, आणि आधी डिस्कला न लावता नुसते चालवून बघायला सांगितले. अशा विचारण्यातून वाचनालयाचे काम वाढावे असे मला मनापासून वाटते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी अंक योजनेची गर्दी. अंक येतील तसे नोंदवायचे, वर्गणी भरलेल्यांना आळीपाळीने द्यायचे, परत आलेले पुढच्याला. ही यादी मुद्दाम पहिल्यापासून नव्या पद्धतीने केली. काकांनी सगळे अंक स्वतः इन्स्क्रिप्टवर नोंदवले. वेग अजून पूर्वीचा नाही, पण आता नजर कीबोर्डवर जात नाही.

देवघेवीला आलेल्या एका आजींनी अंकाचे नाव अर्धेच सांगितले. मॅडमनी ते अर्धे नाव शोधले, अंक कुणाकडे आहे ते लगेच सांगितले. जुन्या यादीत यासाठी पाने खाली ओढत बसावे लागे.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुस्तकांच्या यादीचे रूपांतर संपले, आता क्रम. सुरुवातीला क्षने सुरू होणारी शीर्षके क मध्ये आणि ज्ञची ज मध्ये येत होती. यूनिकोडला ते क आणि ष, ज आणि ञ असे दिसतात. आमच्या जुन्या कार्डांच्या खणांत क्ष आणि ज्ञ शेवटी आहेत, वाचकही तिथेच बघतात. कॅल्कमध्ये (लिब्रे-ऑफिसमधला एक्सेलसारखा भाग) क्रमवारीच्या पर्यायांत भाषा मराठी निवडली की मराठी वर्णमालेचा क्रम लागतो: ह, ळ, क्ष, ज्ञ. यादी आता खणांशी जुळते.

पेजमेकरच्या फाइली लिब्रे-ऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडल्या. मांडणी थोडी हलते, मजकूर हाती येतो. तो रूपांतरित करून नव्या पत्रिका स्क्रायबस या पानमांडणीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करायच्या. स्क्रायबसची १.६ किंवा पुढची आवृत्तीच घ्यावी. ती जानेवारी २०२४मध्ये आली. त्याआधीच्या १.४ मालिकेत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत वाचनालयाच्या मागच्या भिंतीचा विषय निघाला. शेजारच्या जागेबद्दल पूर्वी कधीतरी ठराव झाला होता, एवढे ज्येष्ठ सभासदांना आठवत होते. वर्ष कुणालाच आठवेना. मॅडमनी इतिवृत्तांच्या फोल्डरमध्ये ‘भिंत’ शोधले. ठराव, त्याचा क्रमांक, सूचक आणि अनुमोदक, सगळे बैठक चालू असतानाच वाचून दाखवले. तो ठराव काकांनी त्या काळी टाइप केलेला होता. मंडळाने त्यांचे नाव घेऊन आभार मानले, ते इतिवृत्तात नोंदवले गेले आहे.

वीस वर्षे हा मजकूर आमच्याच कपाटात होता, आणि फाइलीचे नाव व साल माहीत असणाऱ्यालाच तो मिळत होता. गावोगावच्या वाचनालयांत, पतसंस्थांत, शाळांत असाच मजकूर जुन्या फॉन्टांत पडून आहे. तो टाइप करणारी आणि वाचून तपासू शकणारी माणसे अजून कामावर आहेत, तोवरच हे रूपांतर नीट होईल. कुणाला आमचा तक्ता आणि प्रोग्रॅम हवा असेल तर तो देण्याचे मंडळाने आज मान्य केले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कार्यालयातला शेवटचा संगणक आज लिनक्सवर गेला. त्याची जुनी डिस्क, फॉन्टचे कुलूप आणि परवान्याचा कागद एका पाकिटात घालून कपाटात ठेवले. ताडून बघण्यासाठी काढलेल्या पीडीएफही जपायच्या आहेत, कारण पुढे एखाद्या शब्दाबद्दल शंका आली तर मूळ पान तेच.

उरलेली कामे. हस्तलिखित दाखल नोंदवहीतली सुरुवातीची पाने स्कॅन करायची आहेत, ती टाइप कधी झालीच नव्हती. मराठी शुद्धलेखन तपासनीस लावला आहे, पण तो पुष्कळ बरोबर शब्दांखाली लाल रेघ ओढतो. मॅडम वैयक्तिक शब्दकोशात लेखकांची आणि गावांची नावे घालत आहेत. संक्रांतीनंतर कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर अभ्यासिकेतल्या एका संगणकावर चाचणीसाठी घालायचे. ते न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झाले, मुक्त आहे, आणि लिनक्सवरच चालते. त्यात नोंदी भरायच्या तर त्या यूनिकोडमध्येच असाव्या लागतात. आमच्या आता आहेत.

अभ्यासिकेतल्या तिन्ही संगणकांचे पासवर्ड बदलून मॅडमकडे दिले. अपडेट दर सोमवारी सकाळी, वाचनालय उघडण्याआधी, काका करतील.